पंधरा दिवसांची वही आणि छोटा कॉम्प्युटर

मी सांगलीत गावभागात राहते आणि घरी बसून हिशेब लिहिते. मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे सहा व्यापारी, दोन किराणा दुकानं आणि एक लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एवढं माझं काम. २०२५ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मी एकाच प्रश्नाच्या मागे होते. जेवणाच्या डब्याएवढे जे स्वस्तातले छोटे डेस्कटॉप मिळतात, त्यातला एखादा माझ्या कामाला पुरेल का? माझ्यासारख्या घरून हिशेब लिहिणाऱ्या बायका या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं तारखांसकट लिहिते.

आधी २०१९ सांगायला हवं, नाहीतर मला छोटाच का हवा होता ते कळणार नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आधी सासूबाईंना माडीवर न्यायचं होतं, मग धान्य, मग गॅसची टाकी. टेबलाखालचा सीपीयू राहिला. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर त्याच्या जाळीतून चिखल निथळत होता. एका बेदाणा व्यापाऱ्याच्या चार महिन्यांच्या नोंदी त्यात गेल्या. बॅकअपचा पेनड्राइव्ह होता, पण तोही त्याच टेबलाच्या खणात. ते चार महिने मी छापील हिशेबपट्ट्या वाळवून, एकेक उलगडून पुन्हा टाइप केले. तेव्हा घाईत साडेअकरा हजाराला एक वापरलेला सीपीयू घेतला, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री. नीट बघायला वेळही नव्हता आणि मनही नव्हतं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा शेजारच्या मुलाने तो आठ किलोचा डबा माडीवर नेऊन दिला. वायरी कुठली कुठे हे शोधण्यात नंतर एक दिवस गेला.

एप्रिल २०२५ मध्ये स्क्रीनवर मोठा संदेश यायला लागला, की विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं छोटं ॲप उतरवून बघितलं. उत्तर सरळ होतं, हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. माझ्याकडे लोकांचे बँक स्टेटमेंट, पॅन, पोर्टलचे पासवर्ड असतात. अपडेट नसलेल्या मशीनवर ते ठेवायचे ही कल्पनाच मला सहन होईना.

भाचा म्हणाला, "मावशी, अडीच हजाराची एसएसडी टाकून देतो, पळायला लागेल बघ." एसएसडी म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एक वर्षाची जादा अपडेटही घेता येत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण वर्षाने हाच प्रश्न परत आला असता, आणि आठ किलो ते आठ किलोच राहिले असते.

मे महिना दुकानदारांना, ओळखीच्यांना विचारण्यात गेला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी म्हणे आय-फाइव्हच्या खाली बघूच नका, कोणी म्हणे टॅलीला (हिशेबाच्या सॉफ्टवेअरला) काय लागतंय, कुठलाही डबा चालेल. कोणीच मला विचारलं नाही की तुम्ही दिवसभर नेमकं करता काय. आणि कोणी विचारलं असतं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.

म्हणून जूनमध्ये एक वही घातली. ७ जून ते २१ जून, पंधरा दिवस. हे दिवस मुद्दाम निवडले, कारण ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि २० तारखेला ३बी (कर भरायचं विवरणपत्र), म्हणजे महिन्यातलं सगळ्यात जड काम त्यात येतं. दर दोन तासांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तीन आकडे लिहायचे: प्रोसेसर किती टक्के, मेमरी किती, डिस्क किती. शेजारी तेव्हा काय काय उघडं होतं ते.

वहीतलं एक पान अजून डोळ्यासमोर आहे. १९ जून, सकाळी ११:१०. टॅलीत दोन कंपन्या उघड्या, ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल आणि बँक धरून बारा टॅब, एक्सेलमध्ये २बी ची (खरेदीवरच्या कराच्या उताऱ्याची) फाइल, तीन पीडीएफ. प्रोसेसर ३८ टक्के. मेमरी ८ जीबीपैकी ७.३. डिस्क १०० टक्के. मी सहा वर्षं समजत होते की माझा प्रोसेसर म्हातारा झालाय. प्रत्यक्षात मेमरी भरत होती आणि जुनी फिरती हार्ड डिस्क धापा टाकत होती. पंधरा दिवसांत प्रोसेसर ६० च्या वर फक्त दोनदा गेला. तुम्ही काही घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे काढायच्या आधी ही वही घाला. दोन रुपयेही लागत नाहीत.

वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक यादी केली, मशीनला काय काय जोडलेलं आहे त्याची. कीबोर्ड, माउस, कंपनीच्या डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, लेझर प्रिंटर, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. हा शेवटचा महत्त्वाचा. यार्डातल्या दोन व्यापाऱ्यांना पट्टी कार्बनसकट तीन प्रतींतच हवी असते, आणि माझा प्रिंटर जुन्या रुंद पॅरलल पोर्टचा. मॉनिटरही फक्त जुन्या व्हीजीए जोडणीचा. आजकालच्या छोट्या डब्यांना पॅरलल पोर्ट नसतो आणि व्हीजीए क्वचितच असतो. ही यादी नसती तर हे मला डबा घरी आल्यावरच कळलं असतं.

जुलैत प्रत्यक्ष बघायला सुरुवात केली. पहिला बघितला कोल्हापूरला दिरांकडे, ॲपलचा मॅक मिनी. एम४ चिपचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला. पावणेतेरा सेंटिमीटरही नाही असा चौकोन, उंची पाच सेंटिमीटर, सुरुवातीच्या मॉडेलमध्येच १६ जीबी मेमरी, किंमत तेव्हा ५९,९०० रुपये. त्यात मॉनिटर, कीबोर्ड काही नाही. आवाज तर येतच नव्हता. दीर लग्नाचे व्हिडिओ जुळवतात, त्यांना तो अगदी योग्य आहे आणि मला तो मनापासून आवडला. पण टॅलीप्राइमची, म्हणजे आत्ताच्या टॅलीची, मॅकसाठी आवृत्ती नाही. त्यात वेगळं सॉफ्टवेअर घेऊन विंडोज चालवता येतं, मात्र त्याचा खर्च वेगळा, आणि सहीचं टोकन त्या दुहेरी घरात ओळखलं जाईलच अशी खात्री मला कोणी देईना. जुन्या चौकोनी यूएसबीची जागाही त्याला नाही, सगळी टाइप-सी. माझं पोट ज्या दोन गोष्टींवर चालतं त्याच तिथे अडत होत्या. विचार सोडला.

दुसरा पर्याय मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या छोट्या डेस्कटॉपचा. डेल, एचपी, लेनोवो तिघांचेही असतात. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी, १६,५०० ला सांगितला. हा खरंच दमदार माल आहे. रॅमला (मेमरीच्या पट्टीला) दोन खाचा असतात, दुरुस्तीही होते. पण आठवी पिढी म्हणजे विंडोज ११ च्या यादीची अगदी खालची पायरी. पुढची विंडोज आली की हाच संदेश परत बघावा लागेल अशी भीती वाटली. वॉरंटी सहा महिने.

तिसरा, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा नवा मिनी पीसी. चार कोअर, २०२३ मधला, विजेला अगदी काटकसरी. विश्रामबागेतल्या एका दुकानात तो मांडलेला होता. मी विचारलं, माझं काम घेऊन आले तर करून बघू द्याल का? दुकानदार म्हणाले, "या की ताई. दुपारी गर्दी नसती, निवांत बसा."

२४ जुलैला दुपारी दोन वाजता गेले. पेनड्राइव्हवर माझ्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याच्या पाच वर्षांच्या हिशेबाचा बॅकअप होता. (परत येताना तो पुसून आणला. लोकांचा डेटा दुकानात सोडायचा नाही.) टॅली लायसन्सशिवाय एज्युकेशनल, म्हणजे शिकण्यासाठीच्या मोडमध्ये उघडता येते. त्यात नव्या नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येतात, पण वेग बघायला तेवढं पुरतं. माझ्या घरी त्या कंपनीचा ताळेबंद उघडायला ५० सेकंद लागायची, मी मोजून ठेवली होती. इथे सहा. मग वहीतलं १९ जूनचं पान समोर ठेवलं आणि तसंच्या तसं सगळं उघडलं. बारा टॅब, एक्सेल, तीन पीडीएफ. त्यावर व्हिडिओ कॉल सुरू केला, कारण सीए साहेब स्क्रीन दाखवा म्हणतात. प्रोसेसर सत्तरच्या आसपास गेला, आवाज एकदा किंचित तुटला, पण अडकलं काही नाही. मेमरी १०.४ जीबी.

हा १०.४ चा आकडा मला सगळ्यात उपयोगी पडला. तोच डबा ८ जीबीत चार हजारांनी स्वस्त होता आणि मी बहुतेक तोच घेतला असता. एन१०० ला रॅमची एकच जागा असते आणि काही डब्यांत तर ती बोर्डावरच चिकटवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. म्हणून विचारा: रॅम खाचेत आहे की चिकटवलेली? आणि स्टोरेज एसएसडी आहे की ईएमएमसी? ईएमएमसी म्हणजे साध्या फोनमध्ये असते तसली संथ चिप. सगळ्यात स्वस्त डब्यांत तीच असते, आणि जाहिरातीत दोन्हीला फक्त 'स्टोरेज' म्हणतात.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, आई, मलाही यावर काम करता येईल का? तिचं कॅडचं (कॉम्प्युटरवर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरचं) एक मध्यम चित्र तिथेच उघडून बघितलं. फिरवायला गेलं की धक्के घेत होतं. तिच्यासाठी हा डबा नाही, हे त्याच खुर्चीत ठरलं. तिचा लॅपटॉप तिच्याकडे राहिला. एकाला पुरणारं घरात सगळ्यांना पुरेलच असं नाही.

ऑगस्ट थांबण्यात गेला. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीचे दर बदलणार अशी घोषणा झाली आणि सगळ्या बाजारानेच हात आखडला. माझे व्यापारीही विचारायचे, "ताई, फ्रीज आता घिऊ का थांबू?" मीही थांबले. त्याच सुमाराला कोयनेतून विसर्ग वाढला आणि कृष्णा चढायला लागली. सूर्यवंशी प्लॉटकडची माणसं सामान हलवत होती. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण दोन रात्री झोप नाही. सीपीयूच्या सगळ्या वायरी काढून तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला होता. मी एकटीने उचलून बघितला. चार पायऱ्या चढले आणि खाली ठेवला.

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबरच्या बैठकीत दर ठरले, २२ पासून लागू झाले. कॉम्प्युटरवर आधीही १८ टक्के होता, नंतरही १८ च. मॉनिटरमध्ये ३२ इंचांच्या वरच्यांचा २८ चा १८ झाला, पण मला हवा होता तो लहान मॉनिटर आधीपासूनच १८ मध्ये. त्यामुळे त्या थांबण्यातून माझा एक पैसाही वाचला नाही. मी स्वतः जीएसटीत नोंदलेली नाही, तेव्हा तो कर परत मिळण्याचाही प्रश्न नव्हता. त्यातच आयकर रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर, ती शेवटच्या रात्री १६ केली, त्यात मान वर करायला सवड मिळाली नाही.

मग माझ्या हातून चूक झाली. विश्रामबागच्या दुकानात १६ जीबीचा डबा २२,४०० ला होता. दुसऱ्या एका विक्रेत्याकडे तसाच २०,६०० ला दिसला. २४ सप्टेंबरला तिथे पैसे भरले. २९ ला डबा आला. सगळं दिसायला तसंच. मी सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडलं, तर तिथे लिहिलेलं की हे विंडोज तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने सुरू आहे. माझी कुठली संस्था? ते एखाद्या मोठ्या ऑफिसचं सामायिक लायसन्स होतं, माझ्या नावावर असं काहीच नव्हतं. घरगुती खरेदीत तिथे 'डिजिटल लायसन्स' असं दिसायला हवं. विक्रेता म्हणाला, "चालतंय की, काय फरक पडतोय?" मला पडत होता. दुसऱ्याचे हिशेब स्वच्छ ठेवण्याचे मी पैसे घेते. ३० ला परत केला, पैसे ९ ऑक्टोबरला आले. बिल, खोक्यावरचा सीरियल नंबर आणि त्या स्क्रीनचा फोटो, तिन्ही पाठवल्यामुळे वाद झाला नाही.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, विश्रामबागेत जाऊन आगाऊ पैसे दिले. त्यांनी बिलावर 'विंडोज ११, डिजिटल लायसन्स' असं लिहून दिलं आणि एक वर्षाची वॉरंटी. ८ तारखेला डबा घरी आला. वजन अर्धा किलो, भरीला एक छोटा ॲडॉप्टर.

११ ची जीएसटीआर-१ जुन्यावरच भरली. ऐन मुदतीच्या आठवड्यात मशीन बदलू नका. रविवारी १२ ला बसले. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर करायचं, म्हणजे सोडून द्यायचं, आणि नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं असतं, आणि त्याची किल्ली नोंदवलेल्या ईमेलवर येते. सरेंडरवर बोट ठेवायच्या आधी सहज ईमेल बघितला. तो माझा नव्हताच. २०१९ च्या त्या गडबडीत लायसन्स देणाऱ्याने स्वतःचाच टाकून दिला होता. तसंच पुढे गेले असते तर जुनं बंद आणि नवं कुलूपबंद. अर्ज, पॅनची प्रत आणि लायसन्सचं जुनं बिल पाठवलं. बिल पुरात गेलं नव्हतं, कारण ते पुरानंतरचं. तीन दिवसांनी ईमेल बदलून मिळाला. १६ ला सरेंडर, दहा मिनिटांत नव्यावर सुरू.

सहीचं टोकन लावलं, त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं सही करायचं सॉफ्टवेअर टाकलं, दुसऱ्या खेपेला सही उमटली. एक्सेल माझ्या खात्याला जोडलेलं होतं, साइन-इन केल्यावर आलं. मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. बाजार समितीला लिहिलेल्या जुन्या पत्रांसाठी मात्र जुन्या मशीनच्या फॉन्टच्या फोल्डरमधून फाइली आणाव्या लागल्या, नाहीतर पत्रं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसत होती.

डॉट मॅट्रिक्सने एक आख्खी संध्याकाळ घेतली. ५५० रुपयांची यूएसबी ते पॅरलल केबल आणली. प्रिंटर दिसेना. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट अजून 'एलपीटी१', म्हणजे जुना पॅरलल, होता, तो 'यूएसबी००१' केल्यावर डोकं हललं आणि कर्रकर्र करत पहिली पट्टी उमटली. तो आवाज ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं वाटतं सुरू!"

खर्च असा झाला. डबा २२,४००, मॉनिटर ७,४००, बॅकअपची बाहेरची एसएसडी ३,९००, यूएसबी हब ६५०, केबल ५५०. एकूण ३४,९००. म्हणजे बावीस हजारांचा म्हणून आणलेला डबा घरात सुरू होईपर्यंत पस्तीस हजारांचा झाला. व्हीजीएचा कन्व्हर्टर तेव्हा साडेतीनशेला मिळत होता, मॉनिटर चांगला असेल तर तेवढ्यावर भागेल. माझा धूसर झाला होता. वीज गेल्यावर जुन्या सीपीयूला माझा यूपीएस आठ-नऊ मिनिटं धरायचा, आता पंचवीसच्या पुढे धरतो.

सप्टेंबरची ३बी भरायची मुदत दिवाळीमुळे २५ ऑक्टोबरपर्यंत वाढली. सगळ्या व्यापाऱ्यांच्या मी २४ लाच संपवल्या, नव्या मशीनवर. टास्क मॅनेजर त्या दिवशीही उघडून बघितला. मेमरी १०.९.

२६ ला, रविवारी, घरातल्या सगळ्यांना घेऊन एकदा करून बघितलं. प्रत्येक वायरीला रंगीत टेप आणि त्यावर मराठीत चिठ्ठी: पडदा, प्रिंटर, सही, इंटरनेट. डब्याच्या बाजूला त्याच रंगाची टेप. मी बाहेर उभी राहिले, हात लावायचा नाही असं ठरलेलं. मुलीने वायरी काढल्या, सासूबाईंनी डबा आणि बॅकअपची एसएसडी कापडी पिशवीत घातली आणि कठड्याला धरत माडीवर नेऊन देवघराच्या फळीवर ठेवली. चार मिनिटं लागली. पिशवी आता टेबलाच्या बाजूच्या खिळ्यालाच अडकवलेली असते.